शेतातून सुपाकडे : गोंदिया परिसरातील श्रमिकांचा मागोवा

शाळेत मुलाचे नाव दाखल करताना आपण जे रजिस्टर भरतो त्यात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. वाचकहो, इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मला जुनी कागदपत्रे चाळण्याची खोड आहे. एका सुट्टीत मी या परिसरातील एका शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे घेऊन बसलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण कोणत्याही शाळेचे रजिस्टर उघडले तरी फारसे वेगळे काही आढळणार नाही. जुन्या पानांवर त्या रकान्यात कितीतरी शब्द होते : पिंजारी, हमाल, गाडीवान, विडी कामगार, कल्हईवाला, शिंपी, रेल्वे खलाशी, धानाचा व्यापार, शेती. पाने अलीकडच्या वर्षांकडे येऊ लागली तसतसे हे शब्द एकेक करून गळत गेले आणि शेवटी पानेच्या पाने 'मजुरी' या एकाच शब्दाने भरलेली दिसली. आईच्या व्यवसायापुढे तर सर्वत्र 'घरकाम'. त्यातल्या कित्येक माउल्यांना मी ओळखतो. सकाळची चूल आटोपली की त्या मांडीवर सूप घेऊन बसत आणि दिवेलागणीपर्यंत विड्या वळत. मुलांची पुस्तके, वह्या, ईदचे कपडे यांतले बरेचसे त्या सुपातूनच आले. परंतु रजिस्टराच्या लेखी त्या कोणताच व्यवसाय करीत नव्हत्या.

शाळेच्या रजिस्टराचे जे झाले तेच देशाच्या मोठ्या रजिस्टराचे, म्हणजे जनगणनेचेही झाले आहे. आपल्या भागातील माणसे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणत्या कामातून कोणत्या कामात गेली आणि त्यांच्या कामाची नोंद कोणी कशी केली, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय आपला इतिहास उमगत नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रथम देशाचा हिशेब थोडक्यात पाहू. १९०१ साली भारतातील सुमारे ११ टक्के लोक शहरांत राहत होते. १९५१ साली हे प्रमाण १७ टक्क्यांच्या पुढे गेले व २०११ साली ३१ टक्क्यांवर आले. म्हणजे एकशेदहा वर्षांनंतरही तीन माणसांपैकी दोन खेड्यातच. हा झाला राहण्याचा हिशेब. कामाचा हिशेब अधिक बोलका आहे. १९५१ च्या जनगणनेत स्वतःची वा कुळाने घेतलेली जमीन कसणारे सुमारे ७ कोटी होते आणि शेतमजूर पावणेतीन कोटी. २००१ साली कसणारे पावणेतेरा कोटींच्या घरात व मजूर १० कोटी ६८ लाख झाले. त्यापुढील दहा वर्षांत कसणाऱ्यांची संख्या घटून ११ कोटी ८८ लाखांवर आली आणि मजूर वाढून १४ कोटी ४३ लाख झाले. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक भरली ती २०११ साली, प्रथमच. पाठ्यपुस्तकात आपण मुलांना 'भारत हा शेतकऱ्यांचा देश आहे' असे वाक्य शिकवीत आलो आहोत; आकडेवारीप्रमाणे ते 'शेतमजुरांचा देश' असे वाचावे लागेल.

आता आपल्या भागाकडे वळू. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणून त्यापूर्वीचा सारा इतिहास भंडारा जिल्ह्याच्या नावावर शोधावा लागतो. शिवाय हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर मध्य प्रांतात गेला, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र, असा फिरत राहिला. मजूर तेच, बांधी तीच, कागद मात्र दर वेळी निराळ्या कचेरीत.

रेल्वे येण्यापूर्वी येथील कामाचे सारे चक्र धानाभोवती आणि तलावाभोवती फिरत होते. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांतलाच, हे या भागाचे खरे भांडवल. मालगुजार तलावाचा धनी, पोवार, कुणबी, कोहळी हे कसणारे, गोंड-हलबी जंगल व शेती दोन्हींवर जगणारे. आणि ज्यांना जमीन नाही ते सालगडी म्हणून वर्षाच्या बोलीने राबणारे. पऱ्हे टाकणे, चिखलणी ही पुरुषांची कामे, तर आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणे हे बायकांचे. मजुरी बहुधा धान्यात मिळे. आपल्या समाजातील कारागीर या चक्राला कडेने जोडलेले होते. पिंजारी थंडीच्या तोंडावर गावोगाव जाऊन गाद्या पिंजी, मणियार बांगड्या भरी, कल्हईवाला भांडी उजळी व त्यांनाही सुगीला धानच मिळे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हे चक्र पार मोडले. मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात वाढण्याऐवजी घटली, एवढे सांगितले तरी पुरे.

याच काळात रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर गेज लाईन १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे अरुंद रूळ गेले आणि १९०८ च्या सुमारास दुसरी अरुंद लाईन नागभीडकडे निघाली. डिंक म्हणजे गोंद गोळा करणाऱ्यांवरून ज्या वस्तीचे नाव पडले असे सांगतात, ती वस्ती चार दिशांच्या गाड्यांचे जंक्शन झाली. 'रेलटोली' हे नाव आजही त्या दिवसांची आठवण देते. जंक्शन झाले म्हणजे हमाल आले, गोदामे आली, धानाचे व्यापारी आले, गिरण्या आल्या.

राईस मिलचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे, गोंदियाची ओळखच तांदळाची आहे. परंतु गिरणी येण्यापूर्वी धान कोण कांडत होते? घरोघरच्या व दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या बायका, उखळ-मुसळाने आणि ढेकीने. गिरणीच्या एका पट्ट्याने किती ढेक्या बंद पाडल्या त्याची नोंद कोणी ठेवली नाही. सरकारला ही गोष्ट अगदीच कळली नव्हती असे नाही. हातकांडीचा धंदा टिकावा या हेतूने १९५८ साली केंद्राने भात-गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला होता. नवी गिरणी काढायची तर परवाना लागे. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. तोवर ढेकी कशी चालते हे दाखवायला बाई मिळणे कठीण झाले होते.

मग या बायका गेल्या कोठे? याचे मोठे उत्तर विडी हे आहे.

विडीच्या उगमाची हकीकत अशी सांगतात की १८९९ च्या दुष्काळात गुजरातमधून पोट भरण्यासाठी मध्य भारतात आलेल्या कुटुंबांपैकी मोहनलाल पटेल व हरगोविंददास पटेल यांनी तेंदूचे पान विडीला उत्तम असते हे हेरले आणि जबलपूरकडे धंदा उभा केला. पूर्वी विडी आपट्याच्या पानाची वळीत. तेंदूचे पान मऊ असते, सुकल्यावर फाटत नाही आणि जंगलात फुकट उगवते. आमच्या डोंगर-जंगलात तेंदू भरपूर, तंबाखू गुजरातेतून रेल्वेने येणार, तयार माल रेल्वेनेच जाणार. आणि धानाचा हंगाम संपल्यावर रिकामे हात गावोगाव. धंद्याला याहून अधिक काय हवे? गोंदियात पटेल मंडळींच्या छोटाभाई जेठाभाई या पेढीने विडी आणि तेंदूच्या व्यवहारात मोठे नाव मिळविले. मनोहरभाई पटेल (१९०६-१९७०) यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने या भागात शाळा-महाविद्यालये उघडली, हे सर्वांना ठाऊक आहे. विडीचा पैसा शिक्षणाकडे वळला, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये. आणि तो पैसा कोणाच्या बोटांनी मिळवला हेही विसरू नये.

विडीकामाची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, जंगलातून पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात व फळीवर मोजून दिले जातात. पुढे ती पाने आणि तंबाखू सट्टेदारामार्फत घरोघर जातात. बाई पान भिजवते, फर्म्याच्या मापाने कैचीने कापते, चिमूटभर तंबाखू घालून वळते, तोंड मुडपते व दोऱ्याने बांधते. हात बसलेली बाई दिवसभरात हजाराच्या आसपास विड्या वळते. मजुरीही हजारावर. संध्याकाळी वा आठवड्याने सट्टेदाराकडे माल गेला की तो त्यातून 'छाट' काढतो. पान फुटले, वळण सैल झाले, अशा कारणांनी बाद केलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पाने कमी पडली तर पदरची विकत आणायची. या सगळ्यात बाई घराबाहेर पडत नाही. पडदा पाळणाऱ्या कुटुंबांना हे काम सोयीचे वाटले, त्यामुळे आपल्या मोहल्ल्यांत ते झपाट्याने पसरले, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. त्याच सोयीची किंमत नोंदीच्या रूपाने चुकवावी लागली. आणि एक किंमत छातीची. तंबाखूची धूळ, खोकला, दिवसभर वाकलेली पाठ यांबद्दल या बायका कधी तक्रार करीत नाहीत म्हणून ती नसते असे नव्हे.

येथे एक प्रकरण सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शेत आणि सूप यांची ओढाताण त्यात उघड झाली. विडीने बायकापुरुषांना खेड्यातच रोख पैसा दिला तेव्हा रोवणी-कापणीला मजूर मिळेनासे झाले अशी ओरड सुरू झाली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, देशात धान्याची टंचाई होती. तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने १९४८ साली एक कायदा केला : शेतीच्या हंगामात डेप्युटी कमिशनरने जी गावे जाहीर करावीत, तेथे कोणी विडी वळू नये आणि कोणी कारखानदाराने तेथील माणसाला विडीचे काम देऊ नये. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. १९५० साली सागर जिल्ह्यात या कायद्याखाली हुकूम निघाला. त्याविरुद्ध एक विडी कारखानदार चिंतामणराव आणि एक विडी कामगार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलेल्या निकालातील मुद्दा मोलाचा आहे. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू रास्त असेल, परंतु गावातील म्हाताऱ्या, अपंग, मुले, ज्यांना शेतात काम करताच येत नाही अशांनाही ही बंदी लागू होते. तिचा शेतीशी संबंध काय? कामाचे तास बांधून देऊनही काम भागले असते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात तो 'वाजवी निर्बंध' म्हणजे काय हे समजावण्यासाठी. मला त्यातले दुसरे काही महत्त्वाचे वाटते. शेतात मजूर येत नाही म्हणून शेतमजुरी वाढवावी, हा सोपा उपाय कायदेमंडळाला सुचला नाही. सुचले ते हे की मजुराची दुसरी वाट बंद करावी. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. येथे मजुरी किती द्यावी हा प्रश्नच कोणी काढला नाही. त्याच १९४८ साली केंद्राचा किमान वेतन कायदा झाला होता. त्याच्या परिशिष्टात राईस मिल आहे, विडी आहे, तेलघाणी आहे, लाखेचा कारखाना आहे आणि दुसऱ्या भागात शेतीही आहे. गोंदिया तालुक्याचीच यादी वाचतो आहोत असे वाटावे. मात्र यादीत नाव असणे आणि हातात दाम पडणे यांत अंतर राहिले.

अंतर राहण्याचे कारण म्हणजे घरी बसून विडी वळणारी बाई 'कामगार' आहे की नाही हेच ठरत नव्हते. कामगारांच्या बाजूने चळवळ होती. कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९), ज्यांच्यामुळे 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ झाला, त्यांनी तिसाव्या दशकातच मध्य प्रांतातील विडी मजुरांचा संघ उभारला होता. डॉ. आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीनेही विडी धंद्याची पाहणी केली. तरी न्यायालयात प्रश्न सुटला नव्हता. १९६०-६१ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन खटल्यांपैकी नागपूरच्या खटल्यात विडी वळणारे फॅक्टरी कायद्याखाली कामगार ठरले, तर महाराष्ट्रातील दुसऱ्या खटल्यात तसेच काम करणारा माणूस बहुमताने कामगार ठरला नाही, कारण तो हवा तेव्हा येत-जात असे. कारखान्यात येऊन काम करणाऱ्याची ही स्थिती, मग घरी बसणाऱ्या बाईला कोण विचारतो? अखेर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत कामगार म्हटले. १९७६ साली उपकर व कल्याण निधीचे दोन कायदे आले. दवाखाना, घर आणि मुलांची शिष्यवृत्ती त्या निधीतून मिळू लागली. पुढे जीएसटी आल्यावर २०१७ साली उपकर बंद झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात श्रमसंहिता अमलात आल्या तेव्हा १९६६ चा कायदा त्यांत सामावला गेला. पण तोवर दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. त्यांतल्या ज्यांच्याकडे ओळखपत्र होते त्यांना या सवलती मिळाल्या. चार बायकांचे काम एकीच्याच नावावर, किंवा घरच्या पुरुषाच्या नावावर लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. बाकीच्यांच्या हाती काहीच नव्हते.

आता जनगणनेकडे येऊ. येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण विषय रुक्ष आहे, पण सारी गोम त्यातच आहे.

१९५१ साली माणसांचे तीन भाग केले होते : स्वावलंबी, मिळवते अवलंबित आणि न मिळवते अवलंबित. १९६१ साली व्याख्या सैल केली. हंगामातील बहुतेक दिवस रोज तासभर जरी काम केले तरी ती व्यक्ती 'काम करणारी' धरली गेली आणि घरगुती उद्योगाचा स्वतंत्र वर्ग ठेवला. परिणाम असा की देशात सुमारे सहा कोटी स्त्रिया काम करणाऱ्या भरल्या. १९७१ साली प्रश्न बदलला : तुमचा मुख्य उद्योग काय? प्रगणक दारात उभा, उत्तर देणारा बहुधा पुरुष, आणि उत्तर ठरलेले : 'ती घरीच असते.' काम करणाऱ्या स्त्रिया एकदम तीन कोटींच्या आसपास आल्या. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायका काम सोडून बसल्या होत्या काय? रोवणी थांबली होती काय, की विडी बंद झाली होती? काहीच थांबले नव्हते. फक्त प्रश्न बदलला होता. चूक लक्षात आल्यावर १९८१ साली वर्षातून निम्म्याहून अधिक दिवस काम करणारे 'मुख्य' आणि त्याहून कमी करणारे 'सीमांत' असे दोन वर्ग केले. १९९१ साली तर प्रश्नातच स्पष्ट लिहिले की घरच्या शेतात वा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेले कामही धरावे. तेव्हा कोठे आकडे पुन्हा चढू लागले.

म्हणून दीर्घकाळाची आकडेवारी वाचताना जपून राहावे लागते. स्त्रियांचे काम 'घटले' वा 'वाढले' असे कोणी सांगू लागला तर आधी विचारावे, प्रश्न कोणता होता? अलीकडच्या श्रमबल सर्वेक्षणांतही हेच. ग्रामीण भागातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी कामात असलेल्या वा काम शोधणाऱ्या स्त्रिया २०१७-१८ साली २४.६ टक्के होत्या, त्या २०२३-२४ साली ४७.६ टक्के झाल्या. सहा वर्षांत दुप्पट! यात खरी वाढ किती, नोंदीची सुधारणा किती आणि नाइलाज किती, हे वेगळे करणे विद्वानांनाही जड जात आहे. नाइलाज म्हणतो त्याला आधार आहे. देशातील काम करणाऱ्यांपैकी शेतीवर असलेल्यांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या उतरत होते. २०१८-१९ साली ते ४२.५ टक्क्यांवर आले होते. करोनाच्या वर्षी माणसे शहरांतून पायी परतली आणि हे प्रमाण पुन्हा ४५-४६ टक्क्यांवर गेले. २०२३-२४ सालीही ते ४६ टक्केच होते. आमच्या भागातील मजूर तेलंगणात मिरची तोडायला आणि नागपूर-हैदराबादेत बांधकामावर जातात. २०२० च्या उन्हाळ्यात ते कसे परतले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

शहर म्हणजे काय याची व्याख्याही अशीच. जनगणनेत एखाद्या गावाला शहर म्हणायचे तर लोकसंख्या पाच हजार, दर चौरस किलोमीटरला चारशेची दाटी, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात, अशी अट आहे. पुरुषांपैकी! गावातल्या सगळ्या बायका रोवणीला जात असोत की विड्या वळत असोत, गाव शहर होण्याशी त्याचा संबंध नाही. गोंदिया जिल्ह्यात २००१ साली १२ टक्के लोक शहरी होते, २०११ साली १७ टक्के झाले. एकूण लोकसंख्या १३ लाख २२ हजार, त्यांपैकी गोंदिया शहरात १ लाख ३२ हजार. याच सुमारास सबंध महाराष्ट्र ४५ टक्के शहरी झाला होता. म्हणजे मुंबई-पुण्याच्या आरशात पाहून 'महाराष्ट्र शहरी झाला' असे जे म्हणतात ते देवरी-सालेकशाला लागू नाही. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले, पण त्याने तालुक्याच्या बांधीतले हात फारसे हलविले नाहीत.

आपल्या समाजापुरते पाहिले तर न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल हाताशी आहे. त्यात सांगितले आहे की मुस्लिम कामकऱ्यांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारी आहेत, स्त्रियांत तर ७३ टक्के. आणि शहरांतील मुस्लिम कामकऱ्यांपैकी नियमित नोकरीत केवळ २७ टक्के. 'स्वयंरोजगार' हा शब्द कानाला गोड आहे. त्याखाली मोठा दुकानदारही येतो आणि हातगाडीवालाही. आपला मुलगा गॅरेजमध्ये वा फळांच्या गाडीवर लागला की आपण त्याला धंद्याला लागला म्हणतो. आजारी पडल्यास पगार नाही, म्हातारपणी पेन्शन नाही, आणि काम केल्याचा कागदही नाही. पिंजाऱ्याला गादीच्या कारखान्याने, कल्हईवाल्याला स्टीलने घरी बसविले तेव्हा त्यांच्यापाशी तरी कोणता कागद होता? त्यांच्या नातवांच्या रकान्यात आज 'मजुरी' आहे ते यामुळे.

विडीचा धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि राहावा अशी इच्छा मी शिक्षक म्हणून करू शकत नाही. ज्या मुलींच्या आज्यांनी आणि आयांनी विड्या वळल्या त्या मुली आज आपल्या शाळांत दहावीला बसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र जोवर घरात सूप आहे तोवर त्याची नोंद असलीच पाहिजे. विडी कामगाराच्या मुलाला केंद्राच्या कल्याण योजनेतून जी शिष्यवृत्ती मिळते तिच्यासाठी आईचे वा वडिलांचे ओळखपत्र लागते, आणि ओळखपत्र काढायचे तर ती व्यक्ती विडी वळते याचा दाखला हवा. आपल्या शाळांतील किती पात्र मुले केवळ एवढ्यासाठी अर्ज करीत नाहीत याचा शोध वर्गशिक्षकांना एका दुपारात घेता येईल.

या वर्षी प्रवेशाच्या वेळी मी एक बदल करून पाहिला. आईचा व्यवसाय विचारला की पहिले उत्तर तेच येते, 'कुछ नहीं, घर में ही रहती हूँ'. मग मी विचारतो, 'आपा, हफ्ते में कितने हजार होते हैं?' आकडा तत्काळ येतो, छाट वजा करून येतो, शिवाय सट्टेदाराकडे किती बाकी आहे तेही कळते. ते मी रकान्यात लिहितो. जागा थोडी अपुरी पडते, म्हणून समासात लिहितो. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. प्रगणकाचे काम प्रथेप्रमाणे आपल्यापैकीच शिक्षक-शिक्षिकांच्या वाट्याला येते. दारात उभे राहून 'गेल्या वर्षात काही काम केले का?' हा छापील प्रश्न वाचला की घरातला पुरुष बाईच्या वतीने 'नाही' म्हणतो. तेव्हा बाईलाच विचारावे, आणि रोवणी किती दिवस, विडी किती महिने, शिवणकाम कोणाचे, हे एकेक करून विचारावे. एका घराला पाच-सात मिनिटे अधिक लागतील.